ट्यूबलेसचं निम्मं यश टेपमध्ये

पावसाळा सरला की माळरानावर सराटे पिकतात. जमिनीला लगटून पसरणारी, पिवळ्या इवल्या फुलांची ही वनस्पती दिसायला गरीब. पण तिचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर दोन टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. त्यात बाभळीचे आणि हिवराचे काटे धरले, तर पुणे, सातारा, नगर, सोलापूर या पट्ट्यात टेकड्यांवर माउंटन बाइक चालवणाऱ्याला ट्यूब बदलण्याचा सराव आपोआप होतो. मोटारसायकली आणि गाड्या आपल्याकडे कधीच ट्यूबलेस झाल्या. सायकलही होऊ शकते, आणि हे काम घरच्या अंगणात किंवा गॅलरीत, एका संध्याकाळी सुरू करून दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी पुरं होण्यासारखं आहे. फक्त ते कुठे बिघडतं हे आधी माहीत हवं.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब काढून टाकतात. रिमच्या आतली भोकं हवाबंद टेपने झाकतात, व्हॉल्व्ह थेट रिमला बसवतात आणि टायरमध्ये सीलंट नावाचा पातळ द्रव घालतात. बहुतेक सीलंट म्हणजे रबराचा चीक आणि त्यात मिसळलेले बारीक कण. काटा शिरला की हवा त्या भोकातून बाहेर धावते, आपल्याबरोबर सीलंटही ओढते, कण भोकात अडकतात, चीक गोठतो आणि भोक बुजतं. सराट्याचा काटा निघाल्यावर टायरवर पांढरा ठिपका दिसतो, थोडा फेस येतो, आणि चाक दोन फेरे फिरेपर्यंत गळती थांबलेली असते. उतरावं लागत नाही.

दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. ट्यूब असताना हवा कमी ठेवली, तर धारदार दगडावर टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब मध्ये चेपली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. या भीतीने आपण टायर टणक ठेवतो आणि सह्याद्रीतल्या सुट्या मुरमावर चाक उड्या मारत राहतं. ट्यूबच नसेल तर चेपणार काय? हवा पाच-सात पीएसआयने खाली आणता येते, टायर दगडाला कवटाळतो, चढावर मागचं चाक घसरत नाही. हा फरक पहिल्याच फेरीत कळतो.

मात्र सायकल महिनोन् महिने पार्किंगमध्ये उभी राहत असेल, किंवा ती फक्त दूध-भाजीपुरती निघत असेल, तर या भानगडीत पडू नका. सीलंट वापरलं नाही तरी सुकतं.

आधी रिम आणि टायर तपासा

सामान विकत घ्यायच्या आधी एका चाकातला टायर आणि ट्यूब काढून रिमची जुनी पट्टी उचलून पाहा. खाली तारेचं निपल थेट रिमच्या तळाशी टेकलेलं, त्याचं डोकं वर आलेलं दिसलं, तर ती एकपदरी रिम. स्वस्त सायकलींना बहुधा हीच असते. तिच्यावर ट्यूबलेसचा नाद सोडा. भोक मोठं आहे आणि निपल त्याच्या आत, खालच्या पदरात खोल बसलेलं आहे, तर रिम दुपदरी. तिथे काम होऊ शकतं. रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं लिहिलेलं असेल तर उत्तम. अशा रिमला दोन्ही कडांच्या आत छोटे उंचवटे असतात आणि टायरची कड, जिला सायकलवाले बीड म्हणतात, त्यांच्या पलीकडे जाऊन घट्ट बसते. साध्या दुपदरी रिमला ते नसतात. तिथे प्रयत्न करता येतो, पण वळणावर हवा भसकन सुटण्याची शक्यता राहते, हे मान्य करूनच.

टायरच्या बाबतीत मी अशी सवलत देणार नाही. टायर ट्यूबलेस रेडीच हवा. त्याची बीड जास्त घट्ट असते आणि ती ताणली जात नाही. मॅक्सिसच्या टायरवर टीआर, श्वाल्बेवर टीएलई, डब्ल्यूटीबीवर टीसीएस, स्पेशलाइज्डवर टू-ब्लिस रेडी अशी खूण असते. साध्या टायरची बीड हवेच्या दाबाने रिमवरून उसळून निघू शकते, आणि पुढचं चाक उतारावर असं सुटलं तर माणूस जायबंदी होतो. टायरचे पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

माव्हिकने 1999 मध्ये यूएसटी नावाची पद्धत आणली तेव्हा रिमच्या आतल्या पदराला भोकंच नव्हती, त्यामुळे टेपची गरज नव्हती. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिमांना भोकं असतात. म्हणून हवा अडवण्याची सगळी जबाबदारी टेपवर येते, आणि म्हणूनच या लेखात सर्वांत जास्त जागा टेपला आहे.

सामान

ट्यूबलेसची रिम टेप, दोन ट्यूबलेस व्हॉल्व्ह, सीलंट, व्हॉल्व्हच्या गाभ्यातली पिन काढायचा छोटा पाना, प्लास्टिकचे टायर लिव्हर, 50-60 मिलीची सिरिंज आणि तिला घट्ट बसेल अशी बारीक नळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकी, साबणाचं पाणी आणि उभ्याने मारायचा मोठा पंप. व्हॉल्व्ह घेण्याआधी रिमचं भोक बघा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला साधारण 6 मिमीचं भोक लागतं आणि मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हला 8 मिमीचं. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींच्या रिमांना जाड व्हॉल्व्हचं भोक असतं. त्यात बारीक व्हॉल्व्ह हलत राहतो आणि तिथून हवा गळते. जाड ट्यूबलेस व्हॉल्व्हही मिळतात, तेच घ्या.

टेपची रुंदी ठरवताना रिम आतून मोजा, एका कडेच्या आतल्या भिंतीपासून दुसरीपर्यंत. त्या मापापेक्षा टेप 2 ते 4 मिमी रुंद हवी. रिम आतून 25 मिमी असेल तर 27 ते 29 मिमीची टेप. अरुंद टेप तळ झाकते, पण तिची कड बीडच्या खाली जात नाही, आणि तिच्याखालून सीलंट सरपटत भोकांपर्यंत पोचतं. 29 इंची रिमचा घेर जवळपास 2 मीटर असतो. दोन फेरे धरले तर दोन चाकांना 8 मीटरच्या थोडं वर लागतं, म्हणजे 10 मीटरचा रोल पुरतो. इलेक्ट्रिशियनची काळी टेप वापरू नका. ती ताणली जाते, उन्हात तिचा डिंक पातळ होतो आणि ती जागची सरकते.

टेप

जुनी पट्टी काढल्यावर रिम धुऊन वाळवा. मग अल्कोहोलने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. बोटांचं तेलसुद्धा टेपला चिकटू देत नाही, तेव्हा पुसल्यावर रिमच्या आत हात लावायचा नाही. भोकांच्या कडांवरून बोट फिरवण्याचं काम पुसण्याच्या आधीच उरका. कुठे धातूचा कंगोरा लागला तर बारीक पॉलिश पेपरने घासून टाका, नाहीतर तोच आतून टेप कापतो. आधी कधी सीलंट घातलेलं असेल तर त्याची साय नखाने खरवडून काढा. डिस्क ब्रेकची चकती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, कारण साबणाचं पाणी किंवा सीलंट तिच्यावर उडालं तर ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.

टेप व्हॉल्व्हच्या भोकाच्या एक वीतभर आधी सुरू करा आणि भोकाच्या एक वीतभर पुढे संपवा. म्हणजे जोड बरोबर व्हॉल्व्हखाली येतो आणि व्हॉल्व्हचं रबर त्याला दाबून धरतं. चाक मांडीवर किंवा सायकलच्या फोर्कमध्ये उभं धरून टेप जोर लावून ताणा, इतकी की ती रिमच्या मधल्या खाचेत स्वतःहून खाली बसायला लागेल. दर वीतभर अंतरावर थांबून कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबत जा. भोकावरून जाताना टेप ढोलकीच्या पुडीसारखी ताठ दिसली पाहिजे. तिथे सुरकुती राहिली तर तिच्यातून हवेला वाट मिळते. सुरकुती आली की मागे या, टेप उचला आणि पुन्हा ताणून लावा. डिंक गेला असेल तर तेवढी फेकून नवी लावा. चार पैशांच्या टेपसाठी चाळीस पैशांचा त्रास घेऊ नका. माउंटन बाइकसाठी मी दोन फेरे लावतो. एकात भागतं असं अनेक जण सांगतात, पण दाब आणि उन्हाने टेप भोकात हळूहळू खाली बसत जाते आणि दुसरा पदर तिला आधार देतो.

आता एक पायरी, जी बहुतेक लोक घाईत गाळतात. टेप लावल्यावर लगेच व्हॉल्व्ह बसवू नका. व्हॉल्व्हच्या भोकापुरती टेपला वाट करून (कशी, ते पुढच्या परिच्छेदात) जुनी ट्यूब घाला, टायर चढवा, 35-40 पीएसआय हवा भरा आणि रात्रभर राहू द्या. टायर किंवा रिमवर लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळा. ट्यूब टेपला सर्व बाजूंनी सारखी दाबते आणि टेप रिमचाच भाग होऊन बसते. शिवाय घडी घालून मिळालेल्या नव्या टायरचा बाक मोडतो. सकाळी हवा सोडून फक्त एका बाजूची बीड काढायची आणि ट्यूब ओढून घ्यायची. दुसरी बाजू रिमवर बसलेलीच राहते, त्यामुळे पुढचं काम निम्मं होतं.

व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने कापू नका. कापलेली चीर लांबत जाते. बारीक दाभण गॅसवर लाल करून टेपमधून मधोमध खुपसा. टेप वितळून गोल, न फाटणारी कड तयार होते. मग व्हॉल्व्ह आतून ढकला आणि बाहेरची चकती हाताने आवळा. पाना लावायचा नाही. रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर ती चकती बोटांनी सुटली पाहिजे.

टायर चढवणं आणि हवा

टायरवरचा दिशेचा बाण बघून घ्या. बीड चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. रिमच्या मध्यभागी जी खोल खाच असते, तिच्यात बीड ढकलत गेलात की दुसऱ्या टोकाला ढील मिळते. व्हॉल्व्हचं रबर खाच अडवतं, म्हणून शेवट तिथेच करायचा. शक्यतो हातांनी, अंगठ्यांच्या मुळाने ढकला. लिव्हर वापरावाच लागला तर प्लास्टिकचा, आणि त्याचं टोक टेपला टोचणार नाही एवढा उथळ.

पहिली हवा सीलंटशिवाय भरा. व्हॉल्व्हची पिन काढून टाका, म्हणजे हवा झपाट्याने आत जाते. बीडवर दोन्ही बाजूंनी साबणाचं पाणी लावा आणि पंप न थांबता, जोराने मारा. हवा धरायला लागली की टक्, टक् असे आवाज येतात. एकेक तुकडा जागेवर बसल्याचा तो आवाज. टायरवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की बीड बसली. टायर आणि रिम दोन्हींवर जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो. त्यातला जो कमी, तो ओलांडायचा नाही.

पंपाने जमत नसेल तर टायर अर्धा तास उन्हात ठेवून मऊ करा, किंवा टेपचा आणखी एक फेरा देऊन खाच भरून काढा. तरीही नाही जमलं तर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर. त्यासाठी बारीक व्हॉल्व्हला लागणारी पितळी टोपी, म्हणजे अडॅप्टर, जवळ ठेवा. ती पिनसकट व्हॉल्व्हवर बसते. त्यांना आधीच सांगा की हा सायकलचा टायर आहे आणि हवा टप्प्याटप्प्याने द्यायची आहे. कंप्रेसरच्या टाकीत 100 पीएसआयच्या वर दाब असतो, तो एकदम दिला तर टायर कानठळ्या बसवत सुटतो. तोंड चाकाच्या वर नेऊ नका. ट्रकच्या टायरला पेट्रोल टाकून आग लावतात, ती युक्ती इथे नको. कोल्ड्रिंकच्या बाटलीत हवा कोंडून टाकी बनवण्याचे प्रकारही नकोत, बाटली फुटली तर तुकडे डोळ्यांत जातात.

सीलंट

बीड बसल्यावर पंप काढा. हवा जाईल, पण बीड बहुतेक जागेवर राहील. सीलंटची बाटली मिनिटभर जोरात हलवा. कण तळाशी बसलेले असतात आणि ते बाटलीतच राहिले तर तुम्ही टायरमध्ये नुसतं पाणचट दूध घालाल. व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार वाजताच्या जागी आणा आणि सिरिंजने सीलंट आत सोडा. 27.5 इंची, 2.2 इंच रुंद टायरला 80-90 मिली आणि 29 इंचीला 100-120 मिली. आपल्याकडे काटे आणि ऊन दोन्ही जास्त, त्यामुळे हात आखडू नका. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, कारण कपड्यावर पडलेला हा डाग जात नाही.

पिन लावा, हवा भरा, चाक सगळ्या दिशांनी हलवा आणि मग बादलीवर आडवं ठेवा, दहा मिनिटं एका अंगाने आणि दहा दुसऱ्या. नव्या टायरच्या बाजूवर टाचणीएवढे ओले ठिपके दिसतील. घाबरू नका, टायरची अंगची भोकं बुजताहेत. त्याच दिवशी अर्धा तास सायकल चालवा. उभ्या चाकापेक्षा फिरणाऱ्या चाकात सीलंट लवकर पसरतं. पहिल्या दोन-चार दिवसांत हवा थोडी उतरते, तेवढी भरत राहा.

त्यानंतरही रोज टायर मऊ पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहा. बीडलगत आले तर चाक त्या बाजूवर आडवं ठेवून हलवल्याने बहुधा थांबतात. व्हॉल्व्हच्या बुडाशी आले तर चकती आवळा. तारेच्या निपलमधून आले तर टेप फसली आहे असं समजा. तिथे बाहेरून काहीही लावून उपयोग नाही आणि सीलंट वाढवूनही नाही. टायर काढा, रिम पुसा, टेप पहिल्यापासून.

हवा किती, काळजी किती

सत्तर किलोच्या माणसाने 2.2-2.3 इंची टायरला पुढे 22 आणि मागे 25 पीएसआयपासून सुरुवात करावी. वजनात पाच किलोंचा फरक असेल तर साधारण एक पीएसआय त्या दिशेने. रिम दगडावर आपटल्याचा ठणठणाट झाला किंवा वळणावर टायर कुशीवर जाऊन हवा सुटली, तर दोन पीएसआय वाढवा. मोठ्या पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला विश्वासाचा नसतो. छोटं डिजिटल गेज घ्या, हा खर्च वाया जात नाही.

सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत आटतं. विदर्भात आणि मराठवाड्यात त्याहूनही लवकर. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर हवा सोडून, पिन काढून 50-60 मिली पुन्हा घाला. वर्षातून एकदा टायर उघडून आत गोळा झालेले रबराचे गोळे काढा आणि टेप तपासा. दुपारच्या उन्हात गाडीच्या बंद डिकीत सायकल ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

वाटेवर काटा भरला तर तो उपटायच्या आधी चाक फिरवून भोक खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे जमा होतं, आणि मग उपटा. साधारण 6 मिमीच्या वरचं भोक सीलंटच्या आवाक्यात नाही. त्यासाठी सायकलचे बारीक प्लग मिळतात, ते खुपसायचे. मोटारसायकलच्या पंक्चर किटमधली जाड दोरी वापरू नका, तिची सुई पातळ टायरचं भोक आणखी मोठं करते. टायरची बाजू दगडाने फाटली तर प्लगही टिकत नाही. तेव्हा आतून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा लावा, ट्यूब घाला आणि घर गाठा. म्हणून एक ट्यूब आणि छोटा पंप पिशवीत कायम असू द्या. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडकं फिरवा. महिनाभरात घुसलेले सगळे काटे तिथेच अडकलेले असतात, आणि नव्या ट्यूबला ते आल्या आल्या गाठतात.

पहिल्यांदा करणार असाल तर दोन्ही चाकं एकाच दिवशी घेऊ नका. आधी मागचं करा. वजन त्याच्यावर जास्त, पंक्चरही त्यालाच जास्त होतात, आणि हवा अचानक गेली तरी मागचं चाक सावरता येतं, पुढचं माणसाला पाडतं. दोन आठवडे नेहमीच्या वाटेवर चालवा. हवा टिकली, टेपने दगा दिला नाही, की पुढचं चाक करा.